गॅलियमला ‘उत्प्रेरक’ म्हणावं का?

प्रश्न असा: ‘पाण्यातून हायड्रोजन काढणारा द्रवधातू उत्प्रेरक’ असा मथळा वाचला, आत बातमी गॅलियम-ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची. इथे ‘उत्प्रेरक’ बरोबर आहे का?

गॅलियमपुरता ओढूनताणून चालेल. मिश्रणाला अजिबात नाही.

शाळेतली व्याख्या आठवा: उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग बदलतो, स्वतः खर्ची पडत नाही. वनस्पती तुपाच्या कारखान्यातलं निकेल हा चोख उत्प्रेरक. इथे मात्र ॲल्युमिनियम सरळ संपतं. पाण्यातला ऑक्सिजन ते आपल्याकडे ओढतं, हायड्रोजन सुटतो आणि तळाशी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा गाळ उरतो. किलोभर हायड्रोजनमागे साधारण 9 किलो ॲल्युमिनियम जातं. हे तर इंधनच झालं! शिवाय ते ॲल्युमिनियम बनवताना ढीगभर वीज आधीच खर्च झालेली. मथळ्यातला ‘उत्प्रेरक’ नेमकं हेच झाकतो, म्हणून तो मला खटकतो.

गॅलियमची गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा; पातेल्यात पाणी निवांत उकळतं ते त्याच्या जिवावर. गॅलियम 29.76 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात बाटलीतच पातळ. ते ॲल्युमिनियमच्या कणांमधल्या फटींत शिरतं, धातू ठिसूळ करतं आणि पापुद्रा सलग धरू देत नाही. ॲल्युमिनियम त्यात विरघळत पाण्यापर्यंत पोचत राहतं. शेवटी गॅलियम बहुतेक सगळं परत मिळतं. खर्ची पडलं नाही हे खरं, पण त्याने केलं काय, तर वाटेतला अडसर काढला. काटेकोर लिहायचं तर मी ‘सक्रियक’ लिहीन.

गंमत अशी की स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने 1835 मध्ये उत्प्रेरणाला ‘कॅटॅलिसिस’ नाव दिलं ते ‘सुटं करणे, मोकळं करणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. (गॅलियमला ते आपल्या संज्ञेपेक्षा जास्त शोभतं.) मराठीत ‘प्रेरक’ला ‘उत्’ लागला, प्रेरणेचा वास आला, आणि आता अग्रलेखांत चालना देणारं काहीही उत्प्रेरक ठरतं.

‘द्रवधातू’ समास म्हणून ठीक आहे, पण पुढे ‘उत्प्रेरक’ जोडला की धातू स्वतः उत्प्रेरक की धातूसाठीचा, हे कळत नाही. मथळा ‘गॅलियमच्या मदतीने ॲल्युमिनियम व पाण्यातून हायड्रोजन’ असा करावा. लांब होतो, पण ॲल्युमिनियम दिसतं तरी.