वाफसा म्हणजे वाफ का?

प्रश्न निफाडहून आला आहे : ‘नैसर्गिक शेतीच्या प्रशिक्षणात वाफसा म्हणजे मातीच्या पोकळ्यांत ५० टक्के वाफ आणि ५० टक्के हवा असं शिकवतात. शब्दातच वाफ आहे, तेव्हा हाच अर्थ बरोबर ना?’

नाही. पाऊस उघडल्यावर किंवा पाणी दिल्यावर जादा पाणी निचरून जमीन पेरणी-कुळवणीला योग्य झाली, की ‘वाफसा आला’. सामान्यरूप वाफशा : ‘वाफशावर पेरलं’. ‘वापसा’ असंही छापलेलं दिसतं.

वाफेच्या टक्क्यांचा हिशेब तर जमतच नाही. मातीतली हवा ओलीच असते, पण २५ अंश सेल्सिअसला अगदी संपृक्त हवेतही वाफ आकारमानाने जेमतेम ३ टक्के. वाफशाचं पाणी द्रवरूपच असतं, मातीच्या कणांना पातळ थरासारखं धरून. मोठ्या पोकळ्या तेवढ्या रिकाम्या होतात आणि त्यांत हवा शिरते. चांगल्या जमिनीत ढोबळमानाने निम्मा भाग घन, पाव पाणी, पाव हवा.

ही हवा लागते मुळीला. मुळीही श्वसन करते, ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू पाण्यातून पसरतो. म्हणून पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळी गुदमरते. ऊर्जा कमी पडली की अन्नद्रव्यं उचलणं मंदावतं आणि पांढरी मुळी तपकिरी पडू लागते. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की बागायतदार ‘मुळी चालत नाही’ म्हणतात, ते हेच. (इगतपुरीचा भात पाण्यात उभा राहतो, कारण त्याच्या खोडा-मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. द्राक्षाला ती सोय नाही.)

चुनखडीच्या काळ्या जमिनीत आणखी एक भानगड होते. कोंडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून बायकार्बोनेट वाढतं, वेलीला लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या. मग ठिबकमधून फेरस सल्फेट सोडलं जातं, म्हणजे गुदमरलेल्या मुळीवर आणखी पाणी! फवारणीने पानं तात्पुरती सुधारतात, पण आधी पाणी तोडून चर मोकळे करायला हवेत.

वाफसा बघायचा तर वरची माती सोडा, ती फसवते. बोधात (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या उंच वरंब्यात) ड्रिपरखाली फूटभर खोलवरची मूठभर माती घेऊन दाबा. बोटांना चिखल लागला तर वाफसा नाही. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर आहे. गोळाच वळला नाही, तर पाणी द्यायची वेळ झाली. हलक्या जमिनीत दिवसाभरात वाफसा येतो, भारी काळीत दोन-तीन दिवस किंवा जास्तही. त्याआधी ट्रॅक्टर घातला तर माती दबून पोकळ्याच मिटतात, आणि वाळल्यावर ढेकळं निघतात ती वेगळीच.