नवीन डिझेल पिकअप घ्यायचा का?

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल पिकअपने साडेचार टनांचा ट्रेलर ओढतो, चढावर इंजिन तापतं आणि उतारावर ब्रेक गरम होतात, नवीन मॉडेल घेतलं तर खरंच फरक पडेल का?

उत्तर : पडेल, आणि चढापेक्षा जास्त उतारावर. एवढं वजन ओढणाऱ्या नव्या मोठ्या डिझेल पिकअपमध्ये बहुतेक वेळा एक्झॉस्ट ब्रेक असतो, तो टर्बोच्या पात्या आवळून धूर अडवतो आणि इंजिनच गाडीला मागे धरतं, म्हणजे चाकांच्या ब्रेकवरचा भार कमी होतो, माझ्या मते फक्त एवढ्यासाठीही गाडी बदलायला हरकत नाही.

पण जाहिरातीतला टोइंगचा, म्हणजे ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेचा आकडा बघून बुकिंग करू नका हो! ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या हुकवर येतो, म्हणजे तुमच्या केसमध्ये 450 ते 675 किलो, आणि हा पेलोडमधून, म्हणजे गाडी स्वतःवर जेवढं वजन पेलू शकते त्यातून वजा होतो, वर माणसं आणि सामान आहेच. डिझेल इंजिन स्वतःच जड असल्यामुळे पेलोड पेट्रोलवाल्यापेक्षा बऱ्याचदा कमी निघतो. पेलोडसाठी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा, त्याच गाडीचं, ब्रोशरमधलं नाही. ट्रेलर भरून एकदा काट्यावर नेऊन वजन करून घ्या.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि अ‍ॅडब्लू (धुरातले विषारी वायू कमी करणारं युरियाचं द्रावण) यांचा खर्चही धरा. ट्रेलर लावून लांब पल्ल्याला जात असाल तर फिल्टर आपोआप साफ होत राहतो, पण मधल्या दिवसांत नुसत्या जवळच्या फेऱ्या असतील तर काजळी साठते. तेव्हा अधूनमधून हायवेवर नीट पळवा.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक मात्र हवेतच.