आधी त्या केशरी रंगाचं बोलू

पत्र:

ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वय २७. मिस्टर यंत्रमागावर कामाला आहेत, मी घरी टॉवेलच्या कडा शिवते. मुलगी तीन वर्षांची आहे. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांना आता नातू पाहिजे, रोज तोच विषय. आम्हा दोघांना अजून दोन वर्षं थांबायचं आहे. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेते. पाकीट शिलाई मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीखाली लपवते. रात्री जेवणं झाली की गोळी घेते, एक दिवस चुकवलेला नाही. तपकिरी गोळ्या तेवढ्या टाकून देते, त्या नुसत्या लोहाच्या आहेत म्हणे. परवा आत्यांनी सिद्धेश्वराला नातवासाठी नवस बोलला आणि मी शेजारी हात जोडून उभी होते. तेव्हापासून झोप नाही. देवासमोर खोटं बोलल्यासारखं वाटतं. महिनाभर मध्येच कधीही डाग पडतात, ही त्याचीच शिक्षा असेल का? मिस्टर चांगले आहेत, काही बोलत नाहीत. बाकी तब्येत ठीक. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर खोकल्याची सरकारी गोळी चालू आहे, तिनं लघवी केशरी होते, एवढंच. आत्यांना खरं सांगून टाकू का?

उत्तर:

बाई गं, नवसाचं नंतर बघू. तुझ्या पत्रात आत्या आहेत, सिद्धेश्वर आहे, पाप आहे, आणि शेवटी जाता जाता टाकलेलं ते केशरी लघवीचं वाक्य आहे. मी तिथंच थांबले. ते वाक्य पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

साध्या खोकल्याच्या औषधानं लघवी केशरी होत नाही आणि ते दोन-दोन महिने चालतही नाही. रोज न चुकता घ्यायची, सरकारी दवाखान्यातून मिळणारी, लघवीला केशरी-लाल रंग आणणारी गोळी म्हणजे क्षयाची, टीबीची गोळी. रंग आणणाऱ्या औषधाचं नाव रिफाम्पिसिन. रंगाला घाबरू नकोस. घामाला, डोळ्यांतल्या पाण्यालाही थोडी छटा येते आणि औषध संपलं की जाते. पण टीबी हा शब्द तू संपूर्ण पत्रात लिहिलेला नाहीस. घरातही कुणी तो काढत नसणार. सगळे ‘खोकला’ म्हणत असणार आणि तूही तेच म्हणायला लागलीस.

आता जे सांगते ते नीट वाच. हेच रिफाम्पिसिन तुझ्या माला-एनचा जोर घालवतंय.

माला-एनच्या पांढऱ्या गोळीत दोन संप्रेरकं असतात, लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि एथिनिल एस्ट्राडिओल. बीजकोशातून बीज बाहेर पडू न देणं हे त्यांचं मुख्य काम. ती रक्तात ठराविक पातळीला राहिली तरच हे काम होतं. आपलं यकृत या संप्रेरकांचा रोज थोडा थोडा निचरा करत असतं. रिफाम्पिसिन चालू झालं की यकृत एका पाळीचं काम सोडून कारखान्यासारखं रात्रपाळीही चालवू लागतं. तू रात्री घेतलेल्या गोळीतलं संप्रेरक दुसऱ्या रात्रीपर्यंत पुरतच नाही. म्हणजे गोळी तू रोज घेतेस, वेळेवर घेतेस, आणि तरीही गड्ड्यानंतरचे हे दोन महिने तुला तिचा भरवसा नव्हता.

मध्येच पडणाऱ्या डागांचं कारणही बहुतेक हेच. संप्रेरक कमी पडलं की गर्भाशयाचं अस्तर टिकत नाही, थोडं थोडं सुटतं आणि डाग दिसतो. गोळी नवीन असताना पहिले दोन-तीन महिने असे डाग पडू शकतात, ते बहुतेक आपोआप थांबतात. तुझी गोळी तर पावसाळ्यापासूनची. इतके महिने सगळं सुरळीत असताना डाग आत्ताच का सुरू झाले, हा प्रश्न तू स्वतःला विचारलास. उत्तर मात्र देवळात शोधलंस. सिद्धेश्वराचा याच्याशी काही संबंध नाही. तो असल्या शिक्षा देत बसत नाही.

मला रागही आलाय, तो लपवत नाही. माला-एन देणाऱ्या बाईला तुझ्या क्षयाच्या गोळ्या माहीत नाहीत. क्षयाच्या गोळ्या देणाऱ्यांना माला-एन माहीत नाही. त्यांनी विचारायला हवं होतं, पंचविशीतल्या लग्न झालेल्या बाईला हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायचा असतो. पण तूही सांगितलं नाहीस. बॉबिनच्या डबीखाली पाकीट आत्यांपासून लपवता लपवता ते डॉक्टरांपासूनही लपलं. आत्यांपासून लपव, माझी ना नाही. डॉक्टरांपासून लपवायचं नाही.

म्हणून आत्ता एकच कर. माला-एनचं पाकीट आणि क्षयाच्या गोळ्यांचं पाकीट, दोन्ही एकाच पिशवीत घाल आणि उद्या सकाळी सिव्हिलला जा. तिथं छातीचा विभागही आहे आणि स्त्रीरोगाचाही. दोन्ही पाकिटं एकाच डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. शिवायचे टॉवेल एक दिवस राहू देत.

त्याआधी दिवस राहिलेत का ते तपासून घे. मेडिकलमधून पट्टी आण, सकाळच्या पहिल्या लघवीवर बघ. आशाताईंकडे ‘निश्चय’ची पट्टी फुकट मिळते, पण आशाताई तुमच्याच गल्लीतल्या असतील आणि संकोच वाटत असेल तर मेडिकलच बरं. पट्टी नीट वाचता आली नाही तर सिव्हिलमध्ये पुन्हा करून देतील. आज काही निघालं नाही तरी तीन आठवड्यांनी परत कर, कारण अगदी कोवळ्या दिवसांत ती चुकवू शकते.

आणि दिवस राहिलेले असले तर? तरी क्षयाची गोळी बंद करायची नाही. गरोदरपणातही ती नेहमीची औषधं चालू ठेवतात. गर्भ ठेवायचा की नाही हे तू ठरवायचं आहेस. १९७१ चा गर्भपाताचा कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात बदल झाला. गर्भनिरोधक निकामी ठरलं हे कारण कायद्याला मान्य आहे, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मेडिकलमधून पाडायच्या गोळ्या आणून घरी गुपचूप घेऊ नकोस, क्षयाच्या औषधांवर असताना तर मुळीच नको.

हे वाचून तुझ्या मनात पहिला विचार काय येईल ते मला माहीत आहे. दोन्ही औषधं जमत नाहीत तर काही दिवस क्षयाची सोडू. खबरदार. ती गोळी अर्धवट सोडली की जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग सहा महिन्यांचा उपचार आणखी लांब आणि कडक होतो. तसंच स्वतःच्या मनानं माला-एनच्या दोन-दोन गोळ्या घ्यायलाही लागू नकोस. बदलायचं आहे ते गर्भ टाळायचं साधन.

साधनांत मला विचारशील तर ‘अंतरा’चं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तीन महिन्यांतून एकदा. त्यातलं औषध रिफाम्पिसिनपुढे टिकतं. आता हिशेब बघ. तुझे क्षयाचे सहा महिने आषाढाच्या सुमाराला संपतील. शेवटच्या गोळीनंतरही यकृताची ती जादा घाई साधारण चार आठवडे उतरत नाही. म्हणजे आत्ताचं एक इंजेक्शन आणि तीन महिन्यांनी दुसरं, एवढ्यात तो सगळा काळ झाकला जातो, आणि खणात लपवायला काही उरत नाही. अंतरानं पाळी पुढेमागे होते, डाग पडू शकतात, कधी पाळी येतच नाही. त्यानं घाबरायचं नाही. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात, पण तुला दोन वर्षं थांबायचंच आहे. तांबी हाही चालणारा पर्याय आहे, फक्त तिनं रक्तस्राव वाढतो आणि तू आधीच अशक्त असशील. आठवड्याला घ्यायची ‘छाया’ गोळी कुणी सुचवली तर क्षय असल्याचं लगेच सांग, क्षयाच्या रुग्णाला ती देत नाहीत.

आता तुझ्या मिस्टरांकडे वळते. ‘चांगले आहेत, काही बोलत नाहीत’ असं लिहिलंस. आई रोज नातू मागते, बायको दोन-दोन औषधं गिळते, चोरून जगते, आणि हे गप्प बसतात. याला मी चांगुलपणा म्हणणार नाही. दोन वर्षं थांबायचं दोघांचं ठरलंय ना? मग इंजेक्शन मिळेपर्यंत आणि त्यानंतरचे सात दिवस निरोध वापरणं हे त्यांचं काम. दवाखान्यात तोही फुकट मिळतो. ‘मला नाही आवडत’ म्हणाले तर सरळ सांग, मग वेगळं झोपायचं.

आणि आत्यांशी बोलायचं तेही त्यांनीच. तू माला-एनची कबुली द्यायला जाऊ नकोस, ती तुझ्या शरीराची गोष्ट आहे, त्यात पाप नाही. मुलानं आईजवळ बसून एवढंच सांगायचं: आई, हिला टीबी आहे, औषध चालू आहे, ते पूर्ण होऊन अंगात ताकद येईपर्यंत मूल नको. यातलं अक्षरही खोटं नाही. घरात टीबी म्हटल्यावर आत्या दचकतील, ताट-वाटी वेगळी करा म्हणतील. तेव्हा त्यांना सांगायचं की क्षय भांड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो, आणि नियमित औषध घेतलं की काही आठवड्यांत दुसऱ्याला देण्याचा धोका खूप कमी होतो. नवसाचं ओझं तू घेऊ नकोस. तो त्यांनी बोललाय.

टीबीचं घरात उघड बोलायलाच लागणार आहे, कारण तुझी लेक तीन वर्षांची आहे. घरात फुफ्फुसाचा क्षय असेल तर पाच वर्षांखालच्या मुलांची तपासणी करतात आणि आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून औषध देतात. कुणी तपासलं का तिला? पत्रात नाही. उद्या तिलाही कडेवर घेऊन जा. जाशील तेव्हा क्षयाच्या रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचंही विचार. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपयांच्या हिशेबानं पैसे खात्यात येतात. ते तुझ्या अंड्या-शेंगदाण्यासाठी आहेत.

तपकिरी गोळ्यांचं म्हणशील तर त्या टाकल्यानं गर्भाच्या बाबतीत काही बिघडत नाही, सात दिवसांनी नवं पाकीट वेळेवर उघडलं म्हणजे झालं. पण पुढे पुन्हा माला-एनवर आलीस तर त्या खा. दिवस मोजावे लागत नाहीत आणि तुझ्यासारखीला लोह लागतंच. एक पांढरी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची, लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर आठवताच एक घेऊन पुढच्या रोजच्या रोज चालू ठेवायच्या आणि सात दिवस निरोध वापरायचा. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यायची. क्षयाच्या औषधांनी सुरुवातीला अनेकींना मळमळतं, म्हणून हे सांगून ठेवते. आणि डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली, तर वाट बघत बसू नकोस, त्याच दिवशी दाखव. क्षयाची औषधं कधी कधी यकृताला त्रास देतात.

हे वाचणाऱ्या बाकीच्या जणींनाही दोन शब्द. फिटच्या काही औषधांनीही, जसं कार्बामाझेपिन, फेनिटोइन, अशाच प्रकारे गोळीचा जोर कमी होतो. सर्दी-घशाला मिळणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिकनं मात्र होत नाही, त्यासाठी गोळी थांबवू नका. बीपी वाढलेला असेल, अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसत असतील, पायात किंवा फुफ्फुसात पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, बाळ अंगावर पीत असून सहा महिन्यांखालचं असेल, तर ही गोळी मैत्रिणीच्या पाकिटातून घ्यायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. गोळी चालू असताना एकाच पायाला सूज येऊन तो दुखायला लागला, छातीत कळ आली, दम लागला, तर लगेच दवाखाना.

आता परत तू. सिव्हिलच्या ओपीडीत गर्दी असते, मागं चार जणी कान देऊन उभ्या असतात आणि तुझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, हे मी धरून चालते. म्हणून खालच्या ओळी वहीच्या कागदावर आज रात्रीच लिहून पिशवीत ठेव, आणि डॉक्टरांनी वर बघितलं की कागद पुढे कर:

‘मला क्षयाची औषधं जानेवारीपासून चालू आहेत. मी रोज माला-एनही घेते. महिनाभर मध्येच डाग पडतात. दिवस राहिलेत का ही तपासणी करून हवी आहे. औषधं संपेपर्यंत अंतरा देता येईल का? मुलगी तीन वर्षांची आहे, तिलाही तपासा.’