सिग्नलिंग पाथवे : संदेश की संकेत?

प्रश्न असा आहे : तोंडाच्या कर्करोगावरचा लेख मराठीत आणताना ‘सिग्नलिंग पाथवे’ला, म्हणजे पेशीला बाहेरून मिळालेली सूचना आत पोचवणाऱ्या रेणूंच्या क्रमाला, ‘संदेशमार्ग’ म्हणावे की ‘संकेतमार्ग’? आणि ‘मेटास्टॅसिस’ला, म्हणजे कर्करोगाची नवी गाठ मूळ जागेपासून दूर होण्याला, ‘स्थलांतर’ चालेल का?

‘संकेत’च घ्या, असे मी ठामपणे सांगेन. संदेशात मजकूर असतो, तो कोणाच्याही हाती पडला तरी तोच राहतो. संकेत मात्र ज्यांच्यात तो ठरला आहे त्यांनाच कळतो. वेबसाइट यायच्या कितीतरी आधीपासून ‘संकेतस्थळ’ म्हणजे दोघांनी भेटायची ठरवलेली जागा. पेशींचेही तसेच आहे. टीजीएफ-बीटा नावाचे प्रथिन घ्या. तोंडाच्या अस्तराच्या निरोगी पेशीला ते भेटले की अर्थ होतो, ‘वाढ आवर’. रोग पुढे सरकल्यावर तेच प्रथिन कर्कपेशीला भेटले, तर पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे ई-कॅडहेरिन कमी होते आणि पेशी सुटी होऊन हलायला लागते. रेणू तोच, पण ऐकणारी पेशी बदलली म्हणून अर्थ फिरला. ‘संदेश’ या शब्दात हे बसतच नाही.

‘मार्ग’ मात्र मला खटकतो. मार्ग म्हटला की त्यावरून कोणीतरी जाणार. पेशीच्या आवरणावर ईजीएफआर हा ग्राही, म्हणजे बाहेरचा संकेत टिपणारे प्रथिन, असतो, आणि तोंडाच्या कर्करोगात तो बहुधा प्रमाणाबाहेर वाढलेला आढळतो. त्याला बाहेरून वाढीचा घटक चिकटला की आत रास नावाचे प्रथिन जागे होते, मग एकामागून एक पुढची प्रथिने : रास राफला जागे करते, राफ मेकला, मेक ईआरकेला. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात, तसे हे वाटेल, पण तिथे घमेले एकच असते. इथे राफ मेकवर फॉस्फेट हा छोटा रासायनिक गट बसवते, त्यानेच मेक जागे होते, आणि मेक ईआरकेवर बसवते तो दुसराच, नवा फॉस्फेट. ओळीने झोपलेल्यांपैकी एकाने शेजारच्याला हलवावे, त्याने त्याच्या पुढच्याला, तसे हे चालते. एकाकडून दुसऱ्याकडे वस्तू कोणतीच जात नाही, फक्त जाग पुढे सरकते. म्हणून मी ‘संकेतसाखळी’ लिहितो.

आता ‘स्थलांतर’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जागा बदलणे असाच आहे, त्यामुळे शब्दाला शब्द म्हणून ते अचूक आहे. पण आपल्याकडे स्थलांतर म्हणजे गाव सुटले, घराला कुलूप लागले. कर्करोगात जिभेवरची गाठ जिभेवर असतेच, शिवाय मानेतल्या लसिकाग्रंथीत दुसरी उभी राहते. ‘पसरणे’ सगळ्यांच्या तोंडी आहे, पण जिभेवरून शेजारच्या हिरडीवर सरकणे आणि मानेत नवी गाठ होणे, दोन्हींना तेच म्हटले जाते. रुग्णाच्या घरच्यांना हा फरक कळायलाच हवा. उपचार त्यावर ठरतात.

१८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या ब्रिटिश शल्यविशारदाने या प्रकाराला बी आणि जमिनीची उपमा दिली : बी सगळीकडे उडते, पण मानवेल त्याच जमिनीत धरते. आपल्याला त्यासाठी क्रियापद शोधावे लागत नाही, ‘रुजणे’ तयारच आहे. ‘जिभेचा कर्करोग मानेतल्या ग्रंथीत रुजला आहे’ असे लिहा, आणि शीर्षकात ‘अन्यत्र रुजणे’.