आधी अडलेला फोटो दाखव

अगं, तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी वाचला आणि चारही फोटो लॅपटॉपवर उघडून नीट बघितले. म्हणजे निकॉनच्या झेड सेव्हन टू सारखा ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, तोही स्वतःच्या पगारातून साठवून सेकंडहँड घेतलेला, आणि त्यावर ती प्लास्टिकच्या माउंटची, कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी २४-५० एमएमची किट लेन्स, म्हणून ग्रुपमधली मुलं हसतात, आणि तू दोन रात्री झोपली नाहीस, आणि शेवटी महागड्या २४-७० एफ २.८ लेन्ससाठी दुकानात टोकन देऊन आलीस, बाकीचे हप्ते. हे वाचून मला तुझा राग आला आणि पोटात कालवलंही. पण मी तुला एकच प्रश्न विचारणार आणि या पत्रात परत परत तोच विचारणार, कंटाळलीस तरी चालेल. कुठल्या फोटोत अडलं? लेन्समुळे जमलाच नाही असा फोटो आधी मला दाखव, मग लेन्सचं नाव घे.

तू पाठवलेले चार फोटो "किट लेन्सने खराब केलेले" म्हणून पाठवलेस ना, मग त्यांच्यापासूनच सुरू करू.

आपल्या बडोद्याच्या तांबेकर वाड्यातली ती जुन्या चित्रांची भिंत. तू एफ १६ ठेवलंस, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक, "सगळं शार्प यावं म्हणून". अगं ती भिंत आहे, सपाट, तिच्यात पुढे-मागे असं काय असणार? तुझ्या कॅमेऱ्याचा एकेक पिक्सेल साधारण ४.३ मायक्रॉनचा आहे, आणि एफ १६ च्या बारीक भोकातून प्रकाश जाताना जो पसरतो तो ठिपका त्याच्यापेक्षा बराच मोठा होतो, त्यामुळे सगळी फ्रेमच एकसारखी मऊ पडते, कोपरेच नाही, मधलं सुद्धा. हे जगातली सगळ्यात महाग लेन्स लावलीस तरी होणारच. एफ ८ ला ये, आकडा लहान तितकं छिद्र मोठं. दोन स्टॉप, म्हणजे चौपट, प्रकाशही मिळेल, म्हणजे तू जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर गेलीस तिथे ८०० वर काम झालं असतं, आणि त्या बायकांच्या लुगड्यांच्या काठावरचा बारीक ब्रश वाचता आला असता. शिवाय झूम २४ एमएमवर ठेवून भिंत भरायची नाही, मागे सरक आणि ३५ च्या आसपास घे, कारण रुंद टोकाला या लेन्सच्या सरळ रेषा फुगतात. लाइटरूम हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर ते आपोआप सरळ करतं हे खरं, दुरुस्तीची माहिती फाइलमध्येच असते, पण कडेचे पिक्सेल ताणूनच ते सरळ होतं. ट्रायपॉडला तिथे परवानगी लागते, ती काढ, नाहीतर भिंत काही हलत नाही, तुझ्या कॅमेऱ्यात हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन आहे, श्वास धरून शटर १/१० सेकंदाला ठेवलंस तर हातात सुद्धा येईल.

मग हा फोटो लेन्समुळे अडला का? नाही.

पोळेतल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, घराचा तो नक्षीदार लाकडी खांब. स्क्रीनवर १०० टक्क्यांपर्यंत मोठा करून बघ, खांबाच्या पुढून जी विजेची वायर गेलीये तिच्यावरचा टेपचा तुकडा किती सुरेख शार्प आलाय, चिकटलेली धूळ दिसतेय. म्हणजे लेन्सने तिचं काम चोख केलं, फोकस तू वायरला दिलास. आणि आजींचा तो ओटल्यावरचा फोटो, तो १/१५ ला काढलायस. स्टॅबिलायझेशन तुझा हात धरतं, आजींची मान नाही धरत. त्या मटार सोलताहेत, हात चालू, मान चालू, कमीत कमी १/१२५ हवा होता. दुपारची वेळ होती, त्यांना फक्त दाराच्या उजेडाकडे वळवून बसवायचं होतं.

गरब्याच्या फोटोकडे शेवटी येते. तो वेगळा आहे.

आता त्या मुलांचं "४५ मेगापिक्सेलचा सेन्सर स्वस्त लेन्सची लायकी काढतो" हे जे चाललंय त्याबद्दल, कारण तेच तुझ्या डोक्यात जाऊन बसलंय. ही लेन्स २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर लावली आणि मग तुझ्या कॅमेऱ्यावर लावली तर तुझ्यावर तपशील जास्तच मिळतो, किंवा फार तर तेवढाच, कमी होतच नाही. मग मऊ का वाटतं? कारण तू १०० टक्क्यांवर जातेस. तुझी फाइल ८२५६ पिक्सेल रुंद आहे. चोवीस इंची साध्या फुल एचडी मॉनिटरवर १०० टक्के म्हणजे तू साडेसात फूट रुंद फोटो नाकाला लावून बघतेयस. असा कुणी फोटो बघतं का? तू ज्या प्रदर्शनाचं बोलतेस तिथे फार तर १८ बाय १२ इंचांची प्रिंट लागेल, आणि तुझी फाइल ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साडेसत्तावीस इंच जाते. एफ ८ ला काढलेला, फोकस बरोबर असलेला, न हललेला असा एक फोटो १८ इंची प्रिंट कर, पैसे मी देते, आणि त्या मुलांना दे म्हणावं लेन्स ओळखून.

मला हे इतकं का झोंबतं ते सांगते. मी ज्या स्टुडिओत होते तिथे चांगली लेन्स कपाटात असायची आणि किल्ली मालकांच्या खिशात. लग्नात बायकांकडचे फोटो, हळद, चुडा, मुलीची आई कोपऱ्यात डोळे पुसताना, हे सगळं माझ्याकडे, आणि हातात ३५-७० चा स्वस्त झूम, रोल शंभर आयएसओचा. सात-आठ वेळा मागितली असेल मी ती लेन्स. मिळाली नाही. मग मी खिडक्या शोधायला शिकले, कुठल्या मांडवात दुपारी कुठून उजेड येतो ते आधी जाऊन बघायचे, मुलीला बसवायचा पाट मीच हलवायचे. उजेड कुठे आहे हे मला त्या बंद कपाटाने शिकवलं असं मी म्हणणार नाही, ते माझं मी शिकले, कपाटाला श्रेय कशाला. पण आजही माझे लोक म्हणतात, वेळेवर कर्ज काढून मोठा सेट घेतला असता तर दांडिया बाजारात स्वतःचा स्टुडिओ झाला असता. कदाचित झाला असता. पण त्या वर्षांत घरात मुलीची फी होती, सासूबाईंची औषधं होती, आणि मला एकही फोटो असा आठवत नव्हता की जो त्या लेन्सवाचून राहिला आणि गिऱ्हाईक परत गेलं. मग कशाच्या जोरावर कर्ज काढायचं? मी हट्टी आहे म्हणतात, असू दे. त्या हट्टावर मी घर चालवलं आणि कुणाचा हप्ता डोक्यावर ठेवला नाही.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. स्टुडिओ डिजिटल झाला तेव्हा निगेटिव्हची खोकी भंगारात गेली, मला विचारलं सुद्धा नाही. त्यात अल्बममध्ये न गेलेले फोटो होते, फसलेले, अर्धवट, आणि त्यांच्या मागे ओळखीचे वाडे होते जे आता नाहीत, तिथे पार्किंगवाले फ्लॅट आहेत. म्हणून तुला सांगते, फसलेला फोटो डिलीट करू नकोस. कार्ड भरलं तर हार्ड डिस्क घे, लेन्सच्या आधी हार्ड डिस्क घे. "अडलेले" नावाचा एक फोल्डर कर आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिही, कशामुळे अडलं. शटर, फोकस, उजेड, की खरंच लेन्स.

आणि हे बघ, तू जे करायला निघालीयस ते वाड्यांचं काम आहे. आपल्याच बडोद्यात राहून ज्योती भट्टांनी खेड्यापाड्यांत फिरून भिंतींवरची चित्रं आणि अंगणातली मांडणं फोटोत धरून ठेवली. त्यांच्या बऱ्याच फोटोंत चित्राबरोबर ते काढणारी बाईही आहे, ते घर आहे. म्हणजे माणसाच्या जवळ, चार-सहा पावलांवर उभं राहून केलेलं काम. त्या अंतरावर तुझी २४ ते ५० अगदी पुरते. पन्नासला पस्तीस सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं, कडी-कोयंडा, खांबावरचा पोपट सगळं येतं. लेन्सचं वजन १९५ ग्रॅम, कॅमेरा धरून नऊशे. ती २४-७० एकटीच ८०५ ग्रॅम आहे, सगळं मिळून दीड किलो गळ्यात, आणि तू मांडवीच्या गल्ल्यांत मे महिन्यात फिरणार. चौथ्या दिवशी कॅमेरा घरी राहील. मी बघितलंय हे, खूप जणांचं बघितलंय.

किट लेन्सची मी आरती करत नाहीये. ५० ला एफ ६.३ म्हणजे अंधारात हात बांधलेले, मागचं विरघळत नाही, २४ ला उघड्या छिद्राने कोपरे काळवंडतात आणि सैल पडतात, दर वेळी फिरवून उघडावी लागते आणि घाईत क्षण जातो. (उघडूनच पिशवीत ठेव.) यातली जी गोष्ट तुझ्या कामात आडवी येईल तिच्यासाठी पैसे खर्च कर, खुशाल कर. पण ती आडवी आली हे फोटोने सांगायला हवं, ग्रुपने नाही. कळतंय का? मुलं कोण ठरवणार तुझ्या पगाराचं?

आता गरबा. तू ५० वर, एफ ६.३, आयएसओ २५६००, आणि तरी १/६०, मुलगी गिरकीत, चेहरा पुसला गेलेला, घागऱ्यावरच्या आरश्यांचं पीठ झालेलं. इथे तू काही चुकली नाहीस. उजेडच तेवढा होता आणि तू जे जमेल ते केलंस. हा अडलेला फोटो आहे, चारातला एक, आणि हा लेन्समुळेच अडला. आता हा फोटो काय मागतोय ते बघ. तो २४-७० मागत नाहीये, तो उजेड मागतोय. एफ २.८ ने पाचपट उजेड मिळेल. निकॉनचीच ४० एमएम एफ २ घेतलीस तर जवळजवळ दहापट, म्हणजे त्याच आयएसओला १/५०० मिळतो आणि गिरकी थांबते. १७० ग्रॅमची आहे, किंमत त्या मोठीच्या आसपासही नाही, एका पगारात उरकेल. पिशवीत किट लेन्सच्या शेजारी पडून राहील, कळणार पण नाही. झूम नाही म्हणून तुला दोन पावलं पुढे-मागे व्हावं लागेल, गोलाच्या आत शिरावं लागेल, तर शिर.

तेव्हा उद्या दुकानात जा आणि ते बुकिंग रद्द कर. टोकन परत देत नसतील तर ४० एमएमला वळतं करून घे, भांडू नकोस पण उठूनही येऊ नकोस, बसून राहा. हप्त्याच्या कागदावर सही केली असशील तर आधी मला फोन कर. आणि रविवारी सकाळी दहाच्या आत तांबेकर वाड्यापाशी ये, त्याच भिंतीचा फोटो एफ ८ वर परत काढायचाय.