जामिनाची जुनी सही आणि सिक्युरिटी क्लिअरन्स

प्रश्न : मी आता अमेरिकेचा नागरिक आहे. व्हर्जिनियातील एका संरक्षण कंत्राटदार कंपनीने देऊ केलेल्या नोकरीसाठी सीक्रेट दर्जाचे क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी, लागते. २०२२ मध्ये नोकरी गेल्यावर क्रेडिट कार्डाचे १८,००० डॉलर थकले, ते पुन्हा पगार सुरू झाल्यावरही तसेच आहेत. शिवाय साताऱ्याकडील एका पतसंस्थेत धाकट्या भावाच्या कर्जाला मी जामीन होतो. तेही थकून माझ्या नावे वसुली दाखला निघाला आहे. किती कर्ज असले की क्लिअरन्स नाकारतात? भारतातील प्रकरण अर्जात लिहावे का? पुण्याचे सासरे एकरकमी पैसे देऊ करतात, ते घ्यावेत का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. नियमात असा कोणताही आकडा नाही. जून २०१७ पासून लागू असलेल्या क्लिअरन्सच्या निकषांतील ‘गाइडलाइन एफ’, म्हणजे आर्थिक बाबींचा निकष, रकमेपेक्षा वागणूक पाहते. कर्ज आवाक्याबाहेरच्या कारणाने झाले, हे नोकरी गेल्याच्या पत्राने आपण दाखवू शकाल. परंतु त्याच निकषाचा दुसरा भाग, म्हणजे त्या परिस्थितीतही आपण जबाबदारीने वागलात का, हा आपल्याला जड जाणारा आहे, कारण पुन्हा पगार सुरू झाल्यावरही आपण बँकेला एक पत्रसुद्धा पाठवलेले दिसत नाही. बँकेने कर्ज ‘चार्ज ऑफ’ केले, म्हणजे हिशेबात बुडीत दाखवले, म्हणून ते माफ झाले असे नाही, आणि मुदतबाह्य झाल्याने वसूल होत नाही हा बचावही येथे फारसा चालत नाही. म्हणून आजच हप्ता ठरवून घ्यावा, मग तो लहान का असेना. सरकारकडून आक्षेपांचे पत्र आल्यानंतर सुरू केलेल्या परतफेडीला तेवढे वजन मिळत नाही. तडजोडीत काही रक्कम सोडली गेली, तर सोडलेल्या कर्जाची नोंद देणारा १०९९-सी हा कराचा फॉर्म येऊ शकतो आणि ती रक्कम सहसा उत्पन्न धरली जाते; ती विवरणपत्रात दाखवायची राहिली, तर कर्जाच्या जागी कराची थकबाकी उभी राहील.

आता पतसंस्था. एसएफ-८६ या क्लिअरन्सच्या अर्जाच्या २६ व्या विभागात गेल्या सात वर्षांतील थकबाकी विचारताना आपण सहकर्जदार किंवा जामीनदार असलेली कर्जेही स्पष्ट शब्दांत विचारली आहेत, आणि कर्ज अमेरिकेतीलच असावे असे तेथे म्हटलेले नाही. ‘कर्ज भावाचे, मी फक्त सही केली’ हे आपण घरी म्हणतो. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तेव्हा हे लिहावेच लागेल. थकबाकीचे स्पष्टीकरण देता येते. जाणूनबुजून लपवल्यास मात्र प्रश्न सचोटीचा होतो, आणि खोटे निवेदन हा संघीय गुन्हा आहे.

लिहिण्यापूर्वी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याची प्रमाणित प्रत आणि कर्ज खात्याचा उतारा मागवावा. माझ्या अनुभवात अशा नोटिसा गावच्या पत्त्यावर जातात, घरचे त्या ट्रंकेत ठेवून देतात आणि परदेशातील जामीनदाराला वर्षानुवर्षे पत्ता नसतो. आपल्याबाबत तसे घडले असल्यास तारखांसह नमूद करावे. दाखल्याविरुद्ध त्याच अधिनियमाच्या कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, मात्र त्यासाठी वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. भरणा भावाच्या हाती न देता बँकेमार्फत थेट पतसंस्थेच्या खात्यात करावा आणि पावती जपून ठेवावी.

सासऱ्यांचा हेतू चांगला आहे, तरी माझे मत घेऊ नये असे आहे. परदेशी नागरिकाच्या मोठ्या रकमेचे ओझे म्हणजे ‘गाइडलाइन बी’खाली, परकीय प्रभावाबद्दल, एक नवा प्रश्न. पैसे घेतलेच असतील, तर तेही सांगावे.

पुढे आक्षेपांचे पत्र, म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’, आलेच, तर प्रत्येक मुद्द्याला शपथेवर लेखी उत्तर देण्यासाठी पत्र मिळाल्यापासून २० दिवस असतात, आणि न्यायाधीशापुढे सुनावणी हवी असल्यास ती त्याच उत्तरात मागावी लागते.