आर्थ्रोस्कोपीनंतर (छोट्या छिद्रांतून कॅमेरा घालून केलेली सांध्याची शस्त्रक्रिया) टाके निघाले, घोडा लंगडत नाही. आता मोकळा सोडू का?

नाही, इतक्यात सोडू नका. टाके निघाले तरी आतली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, अजून भरलेली नसते. कातडीवरच्या छोट्या छिद्रांचे टाके साधारण १० ते १४ दिवसांत निघतात, सांध्याचे अस्तरही काही आठवड्यांत सांधते, कारण दोघांनाही रक्तपुरवठा असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि वेदना कळवणारे मज्जातंतूही नाहीत. त्यामुळे ती स्वतःहून नीट भरून येत नाही, आणि तिला इजा असली तरी घोडा लंगडेलच असे नाही. म्हणून चाल बघून अंदाज बांधू नये. खराब भाग खालच्या हाडापर्यंत खरवडला असेल किंवा हाडाला बारीक छिद्रे पाडली असतील, तर हाडाच्या मज्जेतल्या पेशी रक्ताबरोबर वर येतात, तिथे गुठळी धरते आणि काही महिन्यांत खड्डा भरतो. पण भरतो तो मुख्यतः तंतुमय कूर्चेने. मूळ कूर्चेत प्रकार २ चे कोलॅजन (बळकटी देणारे तंतुमय प्रथिन) असते, या भरावात प्रकार १ चे बरेच असते. दाब झेलण्यात तो मूळच्या तोडीचा नाही. शिवाय सुरुवातीला तो इतका कोवळा असतो की घोडा एकदा उधळला तरी उखडू शकतो. आधी तबेल्यात विश्रांती, मग दोरीला धरून चालवणे, मग हळूहळू दुडकी, हा क्रम त्यासाठीच. मात्र फक्त सुटा हाडाचा तुकडा काढला असेल आणि आजूबाजूची कूर्चा शाबूत असेल, तर हा काळ बराच कमी होतो. कॅमेऱ्यात नेमके काय दिसले ते शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्यांना विचारून घ्या.